शुल्क न कापता अगदी किरकोळ रक्कम ऑनलाइन घेता येते का?

लेखामागे वाचकाकडून चिल्लर म्हणावी एवढीच रक्कम घ्यायची आणि ती पूर्ण हातात पडावी, असं तुम्हाला हवंय. जमतं. पण दर वाचनाला कार्ड चालवून जमत नाही.

कार्डाच्या शुल्काचे दोन तुकडे असतात: रकमेचे काही टक्के आणि वर एक ठरलेला आकडा. अमेरिकेत ऑनलाइन कार्डासाठी स्ट्राइप या पेमेंट कंपनीचा सर्वसाधारण दर २.९ टक्के अधिक ३० सेंट आहे. १०० डॉलरांवर ते ३० सेंट कुणाच्या ध्यानातही येत नाहीत. वाचकाने ५० सेंट दिले, तर मात्र ३१ सेंटांहून जास्त वाटेतच जातात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! त्यामुळे कुणाचा टक्का कमी हे शोधत बसू नका, पैसे खातो तो ठरलेला आकडा.

मी तुमच्या जागी असतो तर वाचकाकडून एकदाच १० डॉलर भरून घेतले असते आणि पुढे लेखागणिक त्यातून वळते केले असते. शुल्क एकदाच, ५९ सेंट, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. मधले शेकडो व्यवहार तुमच्याच डेटाबेसमध्ये होतात, तिथे बँकेचा संबंध येत नाही. एक सांभाळा: ही शिल्लक फक्त तुमच्याकडेच खर्च होऊ द्या. ती काढून घेण्याची किंवा दुसऱ्याला पाठवण्याची सोय दिलीत, की बऱ्याच देशांत परवान्याचं लचांड मागे लागतं. २०१० साली सुरू झालेल्या फ्लॅटर या ऑनलाइन सेवेचा मार्ग याच्याच जवळचा होता: महिन्याची रक्कम आधी ठरवायची आणि महिनाअखेर ती आवडलेल्या गोष्टींत वाटून टाकायची.

याहून गमतीचा मार्ग रॉन रिव्हेस्ट (आरएसए या प्रसिद्ध सांकेतिक कुलूपपद्धतीतला ‘आर’ तो हाच) आणि सिल्व्हिओ मिकाली यांचा. वाचकाने एक सेंट द्यायचा असेल तर दर वेळी तो घ्यायचाच नाही. शंभरात एकदा सोडत लागेल तेव्हा एक डॉलर घ्यायचा. सरासरी तीच राहते आणि बँकेपर्यंत शंभरातला एकच व्यवहार जातो. सोडतीत कुणालाच लबाडी करता येऊ नये, ते डिजिटल सहीवर सोपवलेलं असतं. गणित देखणं आहे, पण वाचकाला हे समजावून सांगायची माझी तरी तयारी नाही.

क्रिप्टोवाले ‘शून्य शुल्क’ म्हणतील, तेव्हा जरा थांबा. लाइटनिंग या बिटकॉइनवर उभारलेल्या जाळ्यात पाठवण्याचा खर्च खरंच नगण्य असतो, पण चॅनल (दोघांमधली देवाणघेवाणीची वाट) उघडताना आणि बंद करताना बिटकॉइनच्या मूळ साखळीवर शुल्क भरावंच लागतं. नॅनो या दुसऱ्या क्रिप्टो नाण्यात शुल्क मुळातच नाही. फुकट म्हटल्यावर व्हायचं तेच झालं: २०२१ मध्ये कुणीतरी फुटकळ व्यवहारांचा असा मारा केला की नेटवर्क रखडलं. शिवाय ही नाणी घेताना आणि विकताना एक्स्चेंज (नाण्यांचा ऑनलाइन बाजार) आपला कट घेतंच.

भारतातलं यूपीआय किंवा ब्राझीलचं पिक्स यांत सामान्य माणसाला खात्यातून खात्यात पैसे पाठवायला शुल्क पडत नाही. तिथला खर्च बँका आणि सरकारी यंत्रणा सोसतात. तुमचे सगळे वाचक अशा एकाच देशातले असतील तर वरचं सगळं विसरा आणि तेच वापरा.

आणखी एक. नेदरलँड्सच्या ब्लेंडल या साइटने २०१४ पासून सुटे लेख विकून पाहिले आणि २०१९ मध्ये तो नाद सोडून वर्गणी धरली. दर लेखाला ‘हा घेऊ की नको’ असं ठरवायचा वाचकाला कंटाळा येतो, मग रक्कम कितीही लहान असो. म्हणून शिल्लक भरून घेतल्यावर लेखागणिक परवानगी विचारू नका. लेख उघडला की रक्कम आपोआप वळती होऊ द्या, उरलेली शिल्लक कोपऱ्यात दाखवा आणि लेख नाही आवडला तर एका क्लिकवर ती रक्कम परत जमा करा. परतफेड तुमच्याच हिशेबात होते, म्हणून तिलाही शुल्क नाही.