दोन आठवड्यांपूर्वी बाबा कसे होते, हे डॉक्टर का विचारतात?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. ८१ वर्षांच्या बाबांना न्यूमोनिया झाला म्हणून कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरांनी 'दोन आठवड्यांपूर्वी आंघोळ स्वतः करायचे का, जिना चढायचे का' असं खोदून विचारलं आणि केसपेपरवर 'सीएफएस ६' लिहिलं. म्हणजे बाबांची आशा सोडली का? आणि शेजारच्या खाटेवरचे ८४ वर्षांचे आजोबा पाचव्या दिवशी घरी गेले, मग बाबाच का रेंगाळलेत? मी फिजिशियन आहे, कॅज्युअल्टी आणि वॉर्ड दोन्हीकडे बरीच वर्षं काढलीत. बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे औषधांबद्दल काही बोलणार नाही.

सीएफएस म्हणजे क्लिनिकल फ्रेल्टी स्केल. कॅनडातल्या हॅलिफॅक्सच्या डलहौसी विद्यापीठात केनेथ रॉकवूड आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ही मोजपट्टी मांडली. तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. १ म्हणजे ठणठणीत. ६ म्हणजे घराबाहेरच्या सगळ्या कामांना सोबत लागते, घर चालवायला मदत लागते, जिना जड जातो, बहुधा आंघोळीलाही कुणीतरी लागतं. आजच्या अवस्थेवरून आकडा देत नाहीत, कारण न्यूमोनियाने तरणाताठा माणूसही आडवा होतो. म्हणून आजारापूर्वीचे, साधारण दोन आठवड्यांमागचे दिवस विचारतात.

इथे नातेवाईक हमखास गोंधळ घालतात. आयसीयू नाकारतील या भीतीने 'एकदम फिट होते हो' सांगून टाकतात. पुण्याहून किंवा दुबईहून आलेल्या मुलाने वडिलांना गणपतीत पाहिलेलं असतं, तो तेव्हाचं वर्णन करतो. खरी माहिती रोज आंघोळ घालणाऱ्या सुनेकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे असते, आणि त्यांना कुणी विचारतच नाही. बोलायला त्यांना पुढे करा.

आता शेजारचे आजोबा. न्यूमोनिया किती गंभीर आहे हे बघायला आम्ही 'कर्ब-६५' वापरतो: भ्रम, रक्तातलं युरिया, श्वासाची गती (मिनिटाला ३० किंवा जास्त), रक्तदाब आणि वय. त्यात पासष्टीपुढच्या प्रत्येकाला वयाचा एकच गुण. रोज शेतावर चक्कर मारणारे ६६ वर्षांचे काका आणि खाटेला खिळलेली नव्वदीची आजी, दोघांनाही तेवढाच. फुफ्फुसातला आजार सारखाच असला तरी अंगातली गंगाजळी किती शिल्लक आहे ते यातून कळत नाही. ते सीएफएसवरून कळतं. आकडा जसा वाढतो तसा मृत्यूचा धोका, इस्पितळातला मुक्काम आणि घरी गेल्यावरचं परावलंबित्व वाढत जातं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय.

कारणं शरीरातच आहेत. छातीचे आणि पोटाचे स्नायू अशक्त, म्हणून खोकला जोराचा येत नाही आणि कफ सुटत नाही. गिळणं बिघडलेलं असतं, घास किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते. ताप कधीकधी येतच नाही. जेवण सुटतं, माणूस बरळतो, बाथरूमला जाताना पडतो. घरच्यांना ते म्हातारपण वाटतं आणि दवाखान्यात यायला उशीर होतो. त्यात खाट. निरोगी ज्येष्ठांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवून केलेला एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. पायांचं मांस सरासरी किलोभर घटलं होतं. मुळातच काठीवर चालणाऱ्याचं काय होत असेल! म्हणून रिपोर्ट सुधारले तरी माणूस उठत नाही, आणि नातेवाईक म्हणतात, 'डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे ना, मग?'

आकड्याच्या मर्यादाही सांगते. पासष्टीच्या आतल्यांना किंवा जन्मापासून अपंगत्व असलेल्यांना तो लावू नये. मार्च २०२० मध्ये डॉक्टरांसाठी उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या इंग्लंडच्या 'नाइस' संस्थेने कोविडसाठी सरसकट सर्व प्रौढांना ही मोजपट्टी लावायला सांगितलं. अपंगांच्या संघटनांनी आवाज उठवल्यावर काही दिवसांतच सूचना दुरुस्त करावी लागली. शिवाय ६ वाले कित्येकजण घरी जातात. निव्वळ ६ आहे म्हणून कुणी उपचार थांबवत असेल तर जरूर भांडा. पण व्हेंटिलेटरचा विषय निघाला तर 'तो लावून पुन्हा घरात हिंडतील का?' हे स्पष्ट विचारा, आणि बाबा शुद्धीवर असतील तर त्यांनाच विचारा. ती बोलणी मध्यरात्री कॉरिडॉरमध्ये करण्यापेक्षा आत्ता केलेली बरी.

तुमच्या हातात मात्र बरंच आहे. चष्मा, कानाचं यंत्र आणि कवळी घरून आणा. त्यांच्याविना भ्रम वाढतो. डॉक्टर हो म्हणाले की ऑक्सिजन चालू असतानाही खुर्चीत बसवा, निदान जेवायला तरी. गुंगीत असताना चमच्याने पेज ओतू नका, हे मायेपोटी रोज घडतं आणि त्यातून नवा न्यूमोनिया होतो. दात आणि जीभ दोन वेळा साफ करा. रात्री बडबडतात म्हणून झोपेचं औषध स्वतःहून मागू नका.

उद्याच्या राउंडला तीन गोष्टी विचारा: लघवीची नळी अजून लागतेय का, फिजिओथेरपिस्ट कधीपासून येतील, आणि गिळणं कुणी तपासलंय का. डिस्चार्जच्या वेळी पुन्हा एक्स-रे कधी काढायचा ते लिहून घ्या, साधारण सहा आठवड्यांनी काढतात. न्यूमोकोकल (न्यूमोनियाविरुद्धची) आणि फ्लूच्या लशीचंही तेव्हाच विचारा. नळीबद्दल काय म्हणाले ते इथे कळवा, मग पुढचं बोलू.