विस्मरणात गेलेल्या ऐतिहासिक स्त्रियांवर एकपात्री करायचं आहे. आजच्या प्रेक्षकांना ते भाषण वाटू नये म्हणून काय करावं?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या नवरात्रात अशा एखाद्या बाईवर अर्ध्या तासाचा प्रयोग करायचाय आणि लोक मोबाइल काढून बसतील अशी धास्ती वाटते. धास्ती खरी आहे. माझ्यासमोरून तर लोक उठून बटाटेवडे खायला गेले होते.

मी ठाण्यात पाचपाखाडीला राहते. नोकरी सांभाळून गेली काही वर्षं महिला मंडळं, शाळा, ग्रंथालयं, गणपतीचे मांडव असं जिथे बोलावतील तिथे हे प्रयोग करते. पहिला प्रयोग घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये होता. विषय आनंदीबाई जोशी. नऊवारी, नथ, खोपा, गजरा, सगळा सरंजाम. क्लबहाउसच्या स्टोअररूममधून खुर्च्यांच्या थप्प्या चुकवत बाहेर आले आणि सुरू केलं, 'मी आनंदी. माझा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणला झाला.' मग नवव्या वर्षी लग्न, मग बोट, मग पेनसिल्व्हेनिया, ११ मार्च १८८६ ला पदवी, पुढच्या फेब्रुवारीत मृत्यू. सगळं ओळीने. कोण स्वतःबद्दल असं बोलतं हो? लग्नाच्या बायोडेटातसुद्धा याहून जास्त जीव असतो. दुसऱ्या रांगेतली एक कॉलेजची पोरगी शेजारणीला म्हणाली, 'हे सगळं एमपीएससीच्या पुस्तकात आहे.' तेवढ्यात मागून वड्यांचा वास आला आणि माझे अर्धे प्रेक्षक गेले.

घरी येऊन स्वतःचीच संहिता वाचली तेव्हा चूक कळली. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं, हे मी एका वाक्यात, चेहरा पाडून उरकलं होतं. पुढे याच मुलीने अमेरिकेत प्रबंध लिहिला तो प्रसूतिशास्त्रावर. तेही वेगळ्या पानावर, यशाच्या यादीत घातलेलं. ते दहा दिवस आणि तो प्रबंध शेजारी ठेवायचं मला सुचलंच नाही, कारण माझं सगळं लक्ष 'पहिली महिला डॉक्टर' या पाटीवर होतं.

म्हणून सांगते, त्या बाईचा मोठेपणा प्रेक्षकांना सांगू नका, तिची अडचण त्यांच्या गळ्यात टाका. थोर बाईला लोक हात जोडतात आणि घरी जातात. अडचणीत सापडलेल्या बाईला मात्र ते मनातल्या मनात सल्ले द्यायला लागतात.

माझ्यापुरतं हे जमलं ते रखमाबाईंमुळे. डॉक्टर होत्या एवढं पुष्कळांना माहीत असतं, त्यापलीकडे नाही. जन्म १८६४, मुंबई. वडील लवकर गेले. आई जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं, त्यांच्या सुतार समाजात पुनर्विवाह चालत असे. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लागलं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. सावत्र वडिलांच्या घरीच राहिल्या, शिकत राहिल्या. १८८४ साली दादाजीने मुंबई हायकोर्टात दावा लावला की माझी बायको माझ्याकडे पाठवा. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. त्यांचा मुद्दा मी प्रयोगात मुद्दाम सावकाश बोलते: हा दावा मुळात इंग्रजी कायद्यातला, एकत्र राहून मग वेगळ्या झालेल्या नवरा-बायकोसाठीचा. इथे संसार सुरूच झालेला नाही, तर परत मिळवून द्यायचं काय? अपिलात हा निकाल टिकला नाही. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला, महिन्याभरात नवऱ्याकडे राहायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कळवलं, कैद पत्करेन, पण जाणार नाही.

माझा प्रयोग आता त्या एका महिन्यात घडतो. बावीस वर्षांची मुलगी, समोर एक टेबल, हातात हुकुमाचा कागद. ज्यांच्या आधारावर हे सगळं उभं होतं ते सखाराम अर्जुन १८८५ मध्येच वारलेत. टिळकांचा 'केसरी' तिच्या विरोधात. ती कागद वाचते, घडी घालते, पुन्हा उघडते. मग तुरुंगात काय न्यायचं याची यादी करायला बसते. जन्मतारीख, शाळा, वंशावळ काही नाही. जे लागेल ते त्या यादीच्या अधूनमधून येतं.

ती यादी माझ्या कल्पनेतली आहे आणि ते मी प्रयोगाआधीच सांगून टाकते. एवढी शिस्त तुम्हीही पाळा. चार भिंतींच्या आत ती काय करत असेल ते रचायला माझी हरकत नाही. पण कोर्टात, पत्रात, छापील लेखात ती काय म्हणाली ते आपल्या मनाने लिहायचं नाही. तिने 'टाइम्स ऑफ इंडिया'त 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने बालविवाहाविरुद्ध खरोखर लिहिलंय. तिचे स्वतःचे शब्द हाताशी असताना आपले टाळीबाज संवाद तिच्या तोंडी कशाला घालायचे? पूर्वी मीही घालायचे. टाळ्या यायच्या, पण त्या माझ्या संवादाला.

दुसरं, तालमीला घरातलं कुणीतरी बसवा, शक्यतो ज्यांना इतिहासाचं कौतुक नाही असं. आमच्याकडे सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या आणि मी ओट्याशी उभी राहून म्हणत होते. जुलै १८८८ च्या तडजोडीवर आले, दादाजीने दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. सासूबाईंचा हात थांबला.

'पैसे घेतले त्याने?'

'हो आई.'

'मग एवढी वर्षं बायको कशाला मागत होता मेला? आधीच आकडा सांगायचा.'

आणि त्यांनी पुढची शेंग उचलली. मी ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं प्रयोगात घेतलंय, शेजारणीच्या तोंडी. दरवेळी तिथे हशा येतो आणि मग एकदम शांतता.

आजच्या काळाशी सांधा जोडायचा म्हणून मोबाइल, इन्स्टाग्राम वगैरे कोपरखळ्या घालू नका, केविलवाणं दिसतं. विषयातच सांधा असतो, तो शोधावा लागतो. मला तो एका प्रयोगानंतर ठाणे कोर्टात वकिली करणाऱ्या बाईंनी दाखवला. म्हणाल्या, हा दावा अजून लावता येतो. हिंदू विवाह कायद्याचं कलम ९. आता त्यासाठी कैद होत नाही, मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. मी घरी येऊन तारखा पाहिल्या. तो कायदा १८ मे १९५५ चा आणि रखमाबाई गेल्या २५ सप्टेंबर १९५५ ला. म्हणजे घटस्फोटाची सोय आणि हे कलम ९, दोन्ही ज्यात आहेत तो कायदा झाला तेव्हा त्या हयात होत्या, नव्वद वर्षांच्या. हे सांगताना मी काहीही अभिनय करत नाही.

रखमाबाई नको असतील तर आणखी दोघींची नावं सुचवते. मुक्ता साळवे ही जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. त्यात घरावर छप्परही नसताना, थंडी-पावसात बाळंत होणाऱ्या बायकांबद्दल तिने लिहिलंय. हा निबंध मोठ्या बाईने करूच नये. ऐरोलीच्या एका शाळेत आठवीतल्या मुलीने गणवेशातच, कागद हातात धरून तो वाचला. दोनदा अडखळली, आणि दोन्ही वेळा सगळा वर्ग तिच्याबरोबर थांबला. माझ्या सगळ्या नऊवाऱ्या त्यापुढे फुकट. दुसऱ्या ताराबाई शिंदे, बुलढाण्याच्या. 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली पुण्यात छापली, प्रती पाचशे. नंतर ती जवळजवळ गडप झाली आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणली. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला स्वतःच्या नवजात बाळाच्या हत्येबद्दल शिक्षा झाली, त्यावर वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांनाच झोडपायला घेतलं, तेव्हा चिडून लिहिलेलं हे पुस्तक. तिथे तुम्हाला नाटक लिहावं लागणार नाही, बाई भांडतच समोर येते. फक्त मोठ्याने वाचून पाहा, श्वास कुठे घ्यायचा ते आधी ठरवा.

कपड्यांचं एकच सांगते, नथ काढा. नथ आणि काठापदराची शिवलेली नऊवारी घातली की जिजाऊ, झाशीची राणी, सावित्रीबाई आणि हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या काकू सगळ्या एकसारख्या दिसतात. मी साधी सुती साडी नेसते आणि तो कागद. माइक कॉलरचा घ्या, हातातला नको. एका हातात माइक असला की कागदाची घडी घालता येत नाही.

शेवट कसा करायचा हे तुम्ही विचारलं नाहीत, पण अडाल तिथेच. माझा शेवट तिच्या डॉक्टर होण्यावर नाही. १८८९ ला त्या लंडनला शिकायला गेल्या, कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी मदत केली, परत येऊन सुरतेत आणि पुढे राजकोटला निवृत्तीपर्यंत काम केलं. हे मी दोन-तीन वाक्यांत संपवते. शेवटी एकच गोष्ट सांगते. १९०४ साली दादाजी वारला आणि चरित्रांत येतं की रखमाबाईंनी विधवेची पांढरी साडी नेसायला सुरुवात केली. ज्याच्या घरी पाऊल टाकायला नकार दिला, ज्याच्यापायी कैदेत जायची तयारी दाखवली, त्याच्यासाठी. एवढं सांगून मी टेबलावरचा कागद उचलते आणि निघते, कारण देत नाही. वाशीला एका प्रयोगानंतर एक आजी म्हणाल्या, 'शोभलं तिला.' त्यांची सून म्हणाली, 'काय गरज होती पण?' मी सामान आवरून खाली आले तेव्हा दोघी रिक्षासाठी उभ्या होत्या आणि वाद चालूच होता.

आणि हो, नवरात्र आहे, तर वेळ आरतीच्या आधीची मागून घ्या. एकदा गरब्याचा स्पीकर सुरू झाला की तुमचं काय आणि रखमाबाईंचं काय, कुणाचंच ऐकू येत नाही.