छोट्या देशाचा राष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघ हाती आला, तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देश दोनेक लाख वस्तीचा, महासंघाचे सचिव म्हणून तुमची नुकतीच निवड झाली आहे, सिंथेटिक ट्रॅक एकच, पगारी माणूस एकही नाही, आणि भेटेल तो विचारतो, ऑलिंपिक पदक कधी? मग आधी काय हाती घ्यायचं?

अशाच एका छोट्या महासंघाचं सचिवपद मी सात वर्षं सांभाळलं, तेही स्वतःची नोकरी करून. त्यामुळे तुम्ही आत्ता कुठे उभे आहात ते मला नीट ठाऊक आहे. माझं उत्तर एका वाक्यात मावतं: पदकाचा विचार तूर्त बाजूला ठेवा, आणि जगात कुठेही मान्य होईल असा निकाल आपल्या मैदानावर लावायला शिका. बाकीचं बहुतेक सगळं त्याच्यामागून येतं.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. राष्ट्रीय स्पर्धेचा दुसरा दिवस होता, मुलींची लांब उडी चालू होती. अठरा वर्षांच्या एका मुलीने तिसऱ्या प्रयत्नात राष्ट्रीय विक्रमाच्या वीतभर पुढे उडी मारली. फळीवर खूण नाही, पंचाचा पांढरा झेंडा वर, म्हणजे उडी नियमात. टेप दोनदा लावला, आकडा तोच. मी पळतच नोंदीच्या टेबलाशी गेलो, तर वाऱ्याचा रकाना कोरा. वाऱ्याच्या मापकाची बॅटरी त्याआधीच कधीतरी उतरली होती आणि त्यावर बसलेल्या स्वयंसेवकाला ते कळलंच नव्हतं. त्याला शिकवायचं काम माझं होतं, आणि मी ते केलं नव्हतं. मागून येणारा वारा सेकंदाला 2.0 मीटरपर्यंत असेल तरच उडी विक्रमाला धरतात. इथे आकडाच नाही, म्हणजे विक्रम नाही. त्या मुलीने मला विचारलं, "सर, म्हणजे मी उडी मारलीच नाही का?" त्या मोसमात तिला तेवढी उडी पुन्हा जमली नाही, आणि खंडाच्या स्पर्धेतली तिची जागा हुकली. तो निकालाचा कागद मी अजून जपून ठेवला आहे.

तेव्हा पहिल्या महिन्यात सामानाची खोली उघडा आणि एकेक वस्तू बाहेर काढून बघा. मापक सुरू होतो का? लांब उडीला तो उडीच्या फळीपासून 20 मीटरवर, 1.22 मीटर उंचीवर आणि धावपट्टीपासून 2 मीटरच्या आत लागतो. खेळाडूने फळीपासून 40 मीटरवरची खूण ओलांडली की तिथून पाच सेकंद वारा मोजायचा. फोटो-फिनिशचा, म्हणजे शेवटच्या रेषेवर आपोआप वेळ टिपणारा, कॅमेरा असेल, तर स्टार्टरच्या बंदुकीशी त्याची शून्य-चाचणी, म्हणजे बार आणि घड्याळ एकाच क्षणी सुरू होतात का ते बघणं, स्पर्धेआधी होते का? गोळे, भाले, थाळ्या वजनात बसतात का? पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा, बायकांचा 4 किलोचा. वर्षानुवर्षं आपटून झिजलेला गोळा हलका भरला, तर त्यावरची फेक वाया जाते.

कॅमेरा नसेल, तर पहिला मोठा खर्च त्याचाच करा, असं मी ठासून सांगेन. लोक तुम्हाला दुसरा ट्रॅक बांधा म्हणतील, पुढाऱ्यांनाही कोनशिला आवडते. पण स्टॉपवॉचवर हाताने घेतलेली 100 मीटरची वेळ मोठ्या स्पर्धांच्या पात्रतेला धरत नाहीत. म्हणजे तुमची मुलगी घरच्या मैदानावर कितीही वेगाने धावली, तरी जगाच्या हिशेबी ती धावलेलीच नसते. मग मान्य वेळ मिळवायला तिला विमानाने परदेशी पाठवावं लागतं, आणि छोट्या महासंघाची तिजोरी रिकामी होते ती मुख्यतः विमानाच्या तिकिटांवर.

जागतिक क्रमवारी कशी चालते हेही एकदा शांतपणे समजून घ्या. बहुतेक प्रकारांत खेळाडूच्या पाच चांगल्या कामगिऱ्यांची सरासरी धरतात. प्रत्येक कामगिरीला वेळेचे किंवा अंतराचे गुण असतात, आणि त्यात स्पर्धेच्या दर्जाप्रमाणे क्रमांकाचे गुण मिळवतात. देशाच्या राष्ट्रीय स्पर्धेलाही हे क्रमांकाचे गुण आहेत! मात्र स्पर्धा वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या, म्हणजे या खेळाच्या जागतिक संघटनेच्या, जागतिक वेळापत्रकात आधी नोंदवलेली हवी आणि निकाल पूर्ण, वाऱ्याच्या आकड्यांसकट, वेळेवर गेलेला हवा. ही नोंदणी म्हणजे संगणकासमोरचं काम आहे, पैसे लागत नाहीत, आणि तरीही कित्येक ठिकाणी ती राहून जाते. ती एका माणसाच्या नावावर टाका. तो आजारी पडला तर कोण, तेही लिहून ठेवा.

आता माणसं. दोन दिवसांची राष्ट्रीय स्पर्धा धड पार पाडायला आम्हाला चाळीसेक पंच लागायचे आणि सुरुवातीला हाताशी होते अकरा. आम्ही निवृत्त खेळाडूंच्या घरी गेलो, सरावाला मुलांना सोडायला येणाऱ्या आईवडिलांना विचारलं. कुणी स्टार्टर झालं, कुणी टेप धरला, कुणी बार चढवला. पंचांसाठी वर्ल्ड ॲथलेटिक्सची शिक्षणाची आणि प्रमाणपत्राची रीतसर पद्धत आहे, प्रशिक्षकांसाठीही आहे. तिचा पुरेपूर फायदा घ्या. मानधन देता आलं नाही तरी येण्याजाण्याचा खर्च आणि जेवण चुकवू नका, आणि निकालपत्रावर पंचांची नावं छापा. दिवसभर उन्हात वाळू सपाट करणाऱ्या माणसाला त्या छापील नावाचं फार मोल असतं.

मोठ्या स्पर्धेपेक्षा छोट्या स्पर्धा जास्त भरवा, अगदी संध्याकाळच्या दोन तासांच्या, तीनच प्रकारांच्या. खेळाडूंना खेळायला मिळतं, आणि पंचांचा हात बसतो तो तिथेच. लहान मुलांसाठी तर ट्रॅकही लागत नाही. किड्स ॲथलेटिक्सचा कार्यक्रम मोकळ्या जागेत, साध्या सामानावर घेता येतो, आणि तुमची पुढची पिढी त्यातूनच येणार आहे.

निवडीबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण छोट्या देशात महासंघ फुटतात ते इथेच. ज्या देशाचा एकही खेळाडू पात्र ठरत नाही, त्यालाही ठरावीक नियमांत बसवून ऑलिंपिकला आणि जागतिक स्पर्धेला खेळाडू पाठवता येतो. ही सोय छोट्या देशांसाठीच आहे आणि ती मला मनापासून पटते. पण एक जागा आणि सगळे एकमेकांचे नातेवाईक, अशी गाठ पडली की नियत स्वच्छ असली तरी संशय येतो. 2023 मध्ये चेंगदूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत सोमालियाच्या एका मुलीने 100 मीटरला 21.81 सेकंद घेतले, आणि तो व्हिडिओ जगभर फिरला. तिथल्या क्रीडा मंत्रालयाने महासंघाच्या अध्यक्षांना निलंबित केलं, वशिल्याचा आरोप झाला. मला वाईट वाटलं ते त्या मुलीचं. तिला तिथे उभं करणारे दुसरेच होते आणि जग हसलं तिला. म्हणून निवडीचे निकष मोसम सुरू व्हायच्या आधी लेखी जाहीर करा: कोणत्या तारखांमधली कामगिरी धरणार, बरोबरी झाली तर काय, तक्रार कुणाकडे करायची. निवड समितीतल्या कुणाचं मूल, भाचा किंवा शिष्य शर्यतीत असेल, तर त्याने त्या बैठकीतून उठून बाहेर जायचं आणि तसं इतिवृत्तात लिहायचं. पहिल्या वर्षी लोक चिडतात. तिसऱ्या वर्षी हरलेल्या मुलाचा बापही येऊन बसतो, कारण निकष त्याला आधीच माहीत असतात.

पैशांचं थोडक्यात. वर्ल्ड ॲथलेटिक्सकडून सभासद महासंघांना अनुदान मिळतं. ऑलिंपिक सॉलिडॅरिटी या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मदत योजनेच्या शिष्यवृत्त्या आणि प्रशिक्षकांचे कोर्स तुमच्या राष्ट्रीय ऑलिंपिक समितीमार्फत येतात, म्हणून तिथल्या लोकांशी संबंध चांगले ठेवा. महासंघाचं खातं वेगळं, चेकवर दोन सह्या, दर वर्षी ऑडिट. हिशेब वेळेवर गेला नाही की पुढचं अनुदान अडकतं, आणि त्याची झळ थेट खेळाडूला बसते.

उत्तेजकांच्या चाचण्यांसाठी स्वतंत्र संस्था उभी करणं छोट्या देशाला झेपत नाही. त्यासाठी अनेक देशांनी मिळून चालवलेल्या प्रादेशिक संस्था आहेत, त्यांच्याशी बोला. पण खेळाडूंना शिकवणं तुमच्याच हातात आहे. बाजारातली पूरक पावडर न विचारता घेऊ नका, हे मी प्रत्येक शिबिरात सांगायचो.

आणखी एक गोष्ट अंगावर येईल म्हणून आधीच सांगतो. वर्ल्ड ॲथलेटिक्सचे दोनशेहून जास्त सभासद महासंघ आहेत, आणि काँग्रेसमध्ये, म्हणजे तिच्या सर्वसाधारण सभेत, प्रत्येकाला एकच मत आहे. तुमच्या मताची किंमत अमेरिकेच्या मताइतकीच. निवडणूक जवळ आली की एरवी ईमेलला उत्तर न देणारी माणसं तुमची विचारपूस करतील. मत कुणाला द्यायचं ते कार्यकारिणीत चर्चा करून ठरवा, तुम्ही एकट्याने ठरवू नका, आणि भेटवस्तू घेऊ नका.

आता पदकाबद्दल, कारण लोक विचारायचे थांबणार नाहीत. 3 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये एकाच संध्याकाळी डॉमिनिका या छोट्या कॅरिबियन देशाच्या थिआ लाफाँडने तिहेरी उडीत 15.02 मीटरवर सुवर्ण घेतलं आणि सेंट लुसियाच्या जुलियन आल्फ्रेडने 100 मीटर 10.72 सेकंदांत जिंकली. दोन्ही देशांचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक. डॉमिनिकाची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास आहे. ती संध्याकाळ आठवली की माझ्या अंगावर अजून काटा येतो. पण त्यातली दुसरी बाजूही बघा. आल्फ्रेड चौदाव्या वर्षी घर सोडून जमैकाला गेली आणि पुढे टेक्सासच्या विद्यापीठात घडली. लाफाँडही घडली अमेरिकेत. आणि जिंकल्यावर दोघीही बोलल्या त्या आपापल्या देशातल्या अपुऱ्या सुविधांबद्दल.

म्हणजे तुमची सर्वांत गुणी मुलगी बहुधा बाहेरच जाईल. तिला अडवू नका. जाण्याआधी तिच्या नावावर मान्य निकाल असू द्या, कारण परदेशी प्रशिक्षक आणि विद्यापीठं आधी तेच बघतात. गेल्यावर दर महिन्याला फोन करा, दुखापतीच्या काळात तर नक्कीच. आणि सगळंच बाहेर घडतं असंही नाही. ग्रेनाडाकडे बघा, तोही कॅरिबियनमधलाच: किराणी जेम्सने 2012 मध्ये 400 मीटरचं सुवर्ण 43.94 सेकंदांत मिळवलं, आणि अँडरसन पीटर्स 2019 आणि 2022 मध्ये भालाफेकीचा जगज्जेता झाला. त्या टापूतल्या मुलांना 1972 पासून कॅरिफ्टा या कनिष्ठ गटाच्या स्पर्धा आहेत, त्यामुळे कोवळ्या वयातच शेजारच्या देशांतल्या मुलांशी गाठ पडते. युरोपातल्या दहा लाखांखालच्या देशांनीही आपापसात अशा स्पर्धा सुरू केल्या आहेत. तुमच्या शेजारी कोण आहे? त्यांच्या सचिवाला फोन लावा. आम्ही शेजारच्या महासंघाशी ठरवून घेतलं होतं: त्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आमचे पंच जायचे, आमच्या स्पर्धेला त्यांचा फोटो-फिनिशवाला यायचा. खर्च तिकिटापुरता, आणि दोन्हीकडचे निकाल चोख.

तुमच्या राष्ट्रीय स्पर्धेला किती महिने आहेत, आणि सामानाच्या खोलीत नेमकं काय सापडलं, ते खाली लिहा. त्यावरून पहिल्या वर्षाचं वेळापत्रक आखायला मी आनंदाने मदत करेन.