दुखवट्याची रजा : हक्क किती, कंपनीची मर्जी किती?

प्रश्न : गेल्या नोव्हेंबरपासून मी हिंजवडीतील एका खासगी कंपनीत नोकरी करतो. फेब्रुवारीत गावी वडील वारले. थोरला मुलगा असल्याने तेराव्यापर्यंत मला तिथेच राहावे लागले. कंपनीने दोन दिवस किरकोळ रजा धरली आणि उरलेल्या दिवसांचा पगार कापला. तिसऱ्याच दिवशी मृत्यूचा दाखला मागणारा ईमेलही आला. दुखवट्याची पगारी रजा मिळणे हा आमचा हक्क नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर मात्र निराश करणारे आहे. आपल्यासारख्या कार्यालयांना लागू असलेल्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ मध्ये दुखवट्यासाठी वेगळी रजा नाही. वर्षाला ८ दिवस पगारी किरकोळ रजा आणि वर्षभरात किमान २४० दिवस काम केलेल्यांना दर २० दिवसांमागे एक दिवस अर्जित रजा, एवढेच तो देतो. शिवाय किरकोळ रजा दर तिमाहीला खात्यावर जमा होते आणि न वापरल्यास वर्षअखेर बुडते. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये रुजू झालेल्या माणसाच्या खात्यावर फेब्रुवारीत जेमतेम दोन दिवस असतात आणि अर्जित रजेचा तर प्रश्नच येत नाही. नव्या नोकरीतल्या माणसावर असा प्रसंग ओढवला, तर त्याला कायद्याचा आधार जवळपास नाही, ही या तरतुदींमधली मोठी उणीव आहे आणि ती दूर व्हायलाच हवी. व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय पदावरील व्यक्तींना तर हा अधिनियमच लागू नसल्याने त्यांची सारी भिस्त नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या नियमांवर असते.

कायद्याने नोकरदाराच्या घरातील हानीची दखल कधी घेतलीच नाही, असे मात्र नाही. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ ने गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम आहे. हे तत्त्व आईवडील, जोडीदार किंवा अपत्य गमावलेल्यांना लागू का होऊ नये, याचे पटण्यासारखे कारण आम्हाला दिसत नाही. ब्रिटनमध्ये १८ वर्षांखालील अपत्य गमावलेल्या नोकरदार पालकांना दोन आठवड्यांची रजा देणारा कायदा २०१८ मध्ये झाला आणि एप्रिल २०२० पासून तो अमलात आहे.

आपण आता एवढे करावे. प्रथम कंपनीची रजा-नियमावली मागवून वाचावी. अनेक कंपन्यांत तीन ते पाच दिवसांची दुखवटा रजा लिहिलेली असते आणि ती मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही. ती नसेल, तर कापलेले दिवस पुढील तिमाहींच्या किरकोळ रजेतून आगाऊ धरून पगार परत करावा, असा लेखी अर्ज द्यावा. कंपनीवर तसे बंधन नाही, पण तिला त्यासाठी वेगळा खर्चही येत नाही. शिल्लक रजा असूनही पगार कापला गेला असेल, तर मात्र कामगार आयुक्त कार्यालयाकडे तक्रार करता येते.

दाखल्याविषयीही सांगायला हवे. मृत्यूची नोंद करण्यासाठीच २१ दिवसांची मुदत असते. ज्या दिवशी घरातले लोक अस्थी गोळा करायला स्मशानात गेलेले असतात, त्या दिवशी दाखला मागणे निर्दयपणाचे आहे. ग्रामपंचायतीची किंवा स्मशानभूमीची पावती तूर्त पुरावा म्हणून घ्यावी आणि दाखला नंतर सादर करू द्यावा, असे आपण एचआरला अवश्य कळवावे.

प्रश्न : सासूबाईंच्या निधनानंतर मी रजा मागितली, तेव्हा ‘सासू-सासरे जवळच्या नात्यात बसत नाहीत’ असे उत्तर मिळाले. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कंपनीच्या नियमात तसे लिहिले असेल, तर ते बेकायदेशीर ठरवता येणार नाही, पण ते अन्यायाचे नक्कीच आहे. ज्या सुनेने आजारपणात सासूचे सारे केले, तिला कामावर बोलावून मुलाला तेवढी रजा देणारा नियम घर कसे चालते हे न पाहता लिहिलेला असतो. न्यूझीलंडच्या २००३ च्या रजाविषयक कायद्याने जोडीदाराच्या आईवडिलांनाही जवळच्या नात्यात धरले आहे. तेथे सहा महिने नोकरी झालेल्याला अशा प्रत्येक मृत्यूसाठी तीन दिवसांची पगारी रजा मिळते आणि ती सलग घेण्याची सक्ती नसते. आपल्याकडे तर याची फार गरज आहे, कारण बँक, विमा आणि वारसनोंदीचे हेलपाटे दिवसकार्य आटोपल्यावरच सुरू होतात. कोणाकडे तेरावे असते, कोणाकडे जलदान विधी, तर कोणाकडे चाळिसावा, म्हणून रजेचे दिवस विधींवरून ठरवू नयेत. सहकाऱ्यांसह व्यवस्थापनाला निवेदन देताना सासू-सासऱ्यांचा स्पष्ट उल्लेख, तुटक दिवस घेण्याची मुभा आणि रुजू झाल्याच्या पहिल्या दिवसापासून लागू होणारी रजा, या तीन गोष्टींचा आग्रह धरा.