ऑटोक्रॉससाठी स्विफ्ट: आधी काय, नंतर काय

मित्रा, तुझी पेट्रोल स्विफ्ट ऑटोक्रॉसला, म्हणजे छोट्या वळणदार ट्रॅकवर घड्याळाविरुद्ध गाडी पळवायच्या खेळाला, छान गाडी आहे. हलकी आहे आणि पार्ट कुठेही मिळतात. पण इंजिनाची ताकद वाढवायला तू काढलेली फिल्टर, एक्झॉस्ट, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) ही यादी सध्या बाजूला ठेव. बहुतेक ट्रॅकवर दुसऱ्या गिअरच्या पुढे फारसं जावं लागत नाही, वेळ जातो तो वळणांवर.

पहिला खर्च टायरवर. डांबरी ट्रॅक असेल तर टायरच्या खांद्यावर, म्हणजे ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) आणि बाजूची भिंत जुळतात तिथे, खडूच्या रेघा ओढ आणि राउंड झाल्यावर वाकून बघ. खडू ट्रेडच्या कडेखाली बाजूच्या भिंतीवरही पुसला गेला असेल, तर टायर दुमडतोय. दोन पीएसआय हवा वाढव. कडेपर्यंतही पुसला नसेल, तर थोडी सोड. हे फुकटात होतं आणि फरक लगेच जाणवतो.

मग:
- ब्रेक पॅड आणि ताजं डॉट ४ ब्रेक ऑइल
- अलाइनमेंट, झिजलेले बुश, बॉल जॉइंट
- आयोजकांच्या नियमात बसणारं हेल्मेट

स्प्रिंग मात्र कापून घेऊ नकोस, कितीही जण सांगोत. सस्पेन्शनला हलायला जागा उरत नाही आणि खड्ड्यात चाक जमीन सोडतं. शिवाय गाडी रोज रस्त्यावर चालवणार आहेस. मोटार वाहन कायद्याचं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम ५२ वाचून घे.

कुठलाही पार्ट घेण्याआधी क्लासचे, म्हणजे स्पर्धेत गाड्यांचे जे गट पाडतात त्यांचे, नियम बघ. एका पार्टमुळे थेट वरच्या क्लासमध्ये जाशील. पहिली स्पर्धा स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा गाडीवरच कर, स्टेपनी आणि डिकीतलं सामान काढून. नाव बिनधास्त नोंदव!