पोरगा पसारा आवरतच नाही

“मॅडम, चार वर्षांचा झाला, पण एक खेळणं उचलून जागेवर ठेवत नाही. मी ओरडले की सासूबाई म्हणतात, ‘त्याले कसाले रागावस?’ रोज संध्याकाळी घरात हेच.”

अमळनेरच्या एका आईची ही तक्रार (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). ही काळजी माझ्याकडे फार वेळा येते, आणि तिच्याआड भीती असते: पोरगा हट्टी निघतोय का? माझंच वळण कमी पडतंय का?

मी विचारलं, खेळण्यांची जागा कोणती? तर धान्याची जुनी पत्र्याची कोठी. सगळं तिच्यातच. मग मी तिला घरचा व्हिडिओ काढून आणायला सांगितलं. पोरगा टाचा उंचावून कोठीत कमरेपर्यंत वाकलाय. ट्रॅक्टर तळाशी. तो हाती लागेपर्यंत ठोकळे, भातुकली, मोटारी, सगळं फरशीवर. खिडकीच्या कट्ट्यावर मात्र पोळ्याची मातीची बैलजोडी नीट उभी, एकाचं शिंग मोडलेलं. खेळून झालं की ती तो स्वतःच तिथे नेऊन ठेवतो, असं आईच म्हणाली.

म्हणजे पोराला ठेवता येत होतं. बैलांना जागा होती, बाकी कशालाच नव्हती.

कपाट विकत घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगितलं. बुटांची खोकी, श्रीखंडाचे रिकामे डबे, एखादं उथळ कॅरेट पुरतं. झाकण नको, आणि सगळं त्याच्या हाताच्या उंचीवर. एका खोक्यात एकच प्रकार, बाहेर त्याचं चित्र चिकटवलेलं. चित्र त्यानेच काढलं तर फारच छान. निम्म्याहून जास्त खेळणी माळ्यावर टाकायची आणि आठवड्याने अदलाबदल करायची. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांपुढे एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी ठेवली होती. चारच असताना मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली, जास्त तऱ्हांनी खेळली.

“आवर सगळं” हे चार वर्षांच्या पोराला फार मोठं काम वाटतं. “चल, गाड्या खोक्यात टाकू” हे त्याला कळतं, आणि तेही सोबत कुणी बसलं तर. हे काम आजींनी आनंदाने घेतलं. “बैल गोठामा गयात, आते गाड्या!” म्हणत त्या खाली बसतात. सासू-सुनेची संध्याकाळची कुरबुरही त्यामुळे निवळली, याचं मला जास्त समाधान वाटलं.

ठोकळे अजूनही फरशीवर राहतात. राहू देत. अर्धा बांधलेला बंगला रोज मोडायला लावू नये. उद्या तो पुढे बांधेल.

एक गोष्ट मात्र मी बजावून सांगितली. घरात दीड वर्षाची बहीण आहे. मणी, छोटे ठोकळे, बटणासारखे सेल असलेली खेळणी तिचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवायची, आणि जड झाकणाची ती कोठी मुलांच्या खोलीतून हलवायची.