वाचनालयासाठी वर्डप्रेस की ड्रुपल?

प्रश्न : गिरगावातील आमच्या वाचनालयाचे संकेतस्थळ नव्याने करायचे आहे. नवीन पुस्तकांच्या याद्या, व्याख्यानांच्या सूचना आणि वर्गणीचे नियम एवढाच मजकूर असून तो सर्व मराठीत आहे. कार्यकारिणीतील काही जण वर्डप्रेस सुचवतात, तर काहींच्या मते ड्रुपल अधिक सुरक्षित आहे. खर्चाची तरतूद बेताचीच आहे. आपला सल्ला काय?
– एक कार्यवाह

उत्तर : २००१ साली आलेले ड्रुपल आणि २००३ साली आलेले वर्डप्रेस या संकेतस्थळ बनवण्याच्या व चालवण्याच्या दोन्ही प्रणाली विनामूल्य आहेत, वेळच्या वेळी अद्ययावत ठेवल्यास दोन्ही पुरेशा सुरक्षित आणि तशाच सोडून दिल्यास दोन्ही धोक्याच्या. अनेक विभाग आणि अनेक अधिकारस्तर असलेल्या मोठ्या संस्थेला ड्रुपलचा खरा उपयोग होतो, परंतु त्याला जाणकार माणूस कायम हाताशी लागतो. ड्रुपल ७ या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला आणि त्यापुढील आवृत्त्यांची रचनाच निराळी असल्यामुळे जुन्या संकेतस्थळांचे त्यांत स्थलांतर म्हणजे बऱ्याच अंशी नवी बांधणीच होती. तो खर्च आपल्या वाचनालयाने ओढवून घेऊ नये.

सूचना दर आठवड्याला कोण लिहिणार, हे आधी ठरवावे. ग्रंथपालच मोबाइलवरून लिहिणार असतील, तर वर्डप्रेस घ्यावे आणि प्लगिन (जादा सोयींसाठी जोडायचे पूरक भाग) मोजकेच ठेवावेत, कारण सुरक्षेच्या त्रुटी बहुधा तिथेच निघतात. मजकूर वर्षातून एकदोनदाच बदलणार असेल, तर स्थिर (आधीच बनवून ठेवलेली) पाने तयार करून देणारे ह्यूगो पुरेसे आहे. त्यात डेटाबेस नसतो आणि सांभाळायचेही फारसे काही नसते. मात्र ते चालवणारा उत्साही सभासद परगावी गेला की काम अडते, आणि असे सभासद परगावी जातातच.

मराठीसाठी एक काळजी अवश्य घ्यावी. वर्डप्रेस शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप बनवते. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेते आणि पत्त्यात टक्केचिन्हांसह नऊ जागा व्यापते. पत्त्याला २०० जागांची मर्यादा असल्यामुळे साधारण २२ चिन्हांनंतर तो मध्येच तुटतो. व्याख्यानाचे शीर्षक आणि वक्त्याचे नाव मिळून एवढी चिन्हे सहज ओलांडतात. म्हणून प्रत्येक सूचनेचा पत्ता रोमन लिपीत, आखूडसा, हाताने लिहावा. पुस्तकांच्या जुन्या याद्या युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतपद्धतीच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेल्या असतील, तर त्या आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून जोडाक्षरे तपासून घ्यावीत. तसे न केल्यास वाचकाने लेखकाचे नाव शोधले तरी ते सापडणार नाही.

डोमेन (संकेतस्थळाचे नाव) आणि होस्टिंगची (ते ठेवण्याच्या जागेची) खाती वाचनालयाच्याच नावाने व ईमेलवर उघडावीत, कंत्राटदाराच्या नव्हे. अंतिम रक्कम देण्यापूर्वी ग्रंथपालांनी कोणाच्याही मदतीविना एक सूचना छायाचित्रासह टाकून पाहावी. ते जमले नाही, तर प्रणाली कितीही नामांकित असली तरी काम पूर्ण झाले असे समजू नये.